अपील करा, असे मी आता सांगतो

अपघातात जखमी झालेल्या माणसाने, केवळ डॉक्टरची साक्ष नीट वाचली गेली नाही या कारणासाठी, न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाऊ नये, असे माझे अनेक वर्षे मत होते. समोर बसलेल्या पक्षकाराला मी ते सल्ला म्हणूनही देत असे. जे मिळाले आहे ते घ्या, मुलांच्या शिक्षणाला लावा, अपिलाच्या मागे लागू नका. माझ्याकडे त्याची कारणे होती आणि ती लटकी नव्हती. मोटार अपघाताची पहिली अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात. डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलला तेव्हा न्यायाधीश समोर होते, उच्च न्यायालय नव्हते. आणि अपंगत्वाचे टक्के हा शेवटी अंदाजच, तेव्हा एका अंदाजाच्या जागी दुसरा बसवून घेण्यासाठी माणसाने आयुष्याची इतकी वर्षे का घालवावीत?

आज मी याच्या उलट सांगतो. हा बदल कसा झाला ते लिहून ठेवावेसे वाटते, कारण सांगली, सातारा, सोलापूरकडच्या कोर्टांत आजही पुष्कळ वकील तोच जुना सल्ला देतात आणि चांगल्या हेतूने देतात.

वकिलीची पहिली बरीच वर्षे मी एका विमा कंपनीच्या पॅनेलवर होतो. माझे काम मुख्यतः डॉक्टरांचा उलटतपास घेण्याचे. प्रश्न ठरलेले असत. या रुग्णावर तुम्ही स्वतः उपचार केले नाहीत, बरोबर? दाखला देण्यापूर्वी तुम्ही नवा एक्स-रे काढलेला नाही? दाखल्यात लिहिलेले चाळीस टक्के हे डाव्या पायाचे आहेत, सबंध शरीराचे नाहीत? आणि शेवटी, अर्जदार बसून करण्याचे काम करू शकतो? डॉक्टर प्रामाणिक असतो, त्याची घाई असते, ओपीडी खोळंबलेली असते. तो म्हणतो, हो, करू शकेल. त्या एका होकारावर निकालपत्रात चाळीसाचे पंधरा होत. मी ते कंपनीला कळवी आणि पुढच्या फाइलकडे वळे.

ते प्रश्न विचारायला नको होते असे मी आजही म्हणत नाही. ते विचारलेच पाहिजेत. रुग्णाला कधीही न तपासता दाखले देणारे डॉक्टर आहेत, ते मी पाहिले आहेत. उत्तर प्रदेशात तर बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. माझे मत बदलले ते त्या उत्तरांचे कोर्ट पुढे काय करते, याबद्दल.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात निकाल दिला. दुखापतीच्या दाव्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असतो, निदान नावाने तरी. त्यात न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या: अवयवाचे अपंगत्व, सबंध शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या ताकदीतली घट. पहिल्या दोन डॉक्टरने सांगायच्या. तिसरी डॉक्टरने सांगायची नाही, ती न्यायाधिकरणाने ठरवायची आणि पुरावा बघून ठरवायची. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरता येईल, पण तो हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, आणि सरकारी कारकुनाचा असेल तर नोकरी टिकूही शकते, असे उदाहरण त्याच निकालात आहे. पायऱ्याही सांगितल्या आहेत. माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही ते आधी पाहा. मग अपघातापूर्वी तो काय काम करत होता आणि त्याचे वय काय ते पाहा. मग ठरवा की त्याची कमाई पूर्ण थांबली, कमी झाली, की त्याला दुसरे काही काम करता येईल.

हा निकाल मी कोर्टात अनेकदा वाचून दाखवला होता, पण कंपनीच्या बाजूने. माझा भर एवढ्यावरच असे की टक्के जसेच्या तसे घ्यायचे नसतात. टक्के खाली आणायला जसा तो निकाल चालतो तसाच वर न्यायलाही चालतो, आणि दोन्ही वेळा कारणे लिहावी लागतात. ही त्याची दुसरी बाजू मला कळत नव्हती असे नाही. माझ्या अशिलाला तिचा उपयोग नव्हता.

पॅनेल सोडल्यावर मी जखमींची अपिले घेऊ लागलो, सुरुवातीला नाइलाजानेच. अपील म्हणजे कागद. खालच्या कोर्टातला सगळा रेकॉर्ड पुढ्यात येतो: घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणे, डॉक्टरचे सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, उलटतपास, आणि मग निकालपत्र. खालच्या कोर्टात असताना हे सारे तारखांमध्ये विखुरलेले असते. एका बैठकीत सलग वाचले की वेगळे दिसते. डॉक्टरने प्रतिज्ञापत्रात लिहिलेले असते की गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, ओझे उचलता येत नाही, सांधा पुढे झिजत जाणार आहे. उलटतपासात यातले काहीच खोडलेले नसते. आणि निकालपत्रातला अपंगत्वाचा परिच्छेद दोन-तीन वाक्यांत संपतो: दाखला अमुक टक्क्यांचा आहे, तो एका अवयवापुरता आहे, डॉक्टरने अर्जदार बसून काम करू शकतो हे मान्य केले आहे, सबब पंधरा टक्के धरणे न्याय्य होईल. पंधराच का? बारा किंवा तीस का नाही? त्याचे उत्तर निकालपत्रात नसते. कर्नाटकातल्या निकालांत अवयवाच्या टक्क्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे सबंध शरीराचे टक्के, असा हिशेब वारंवार दिसतो. तिथे निदान काहीतरी रीत आहे. पण अर्जदार पोट कशावर भरत होता, हा प्रश्न त्या रीतीतही विचारला जात नाही.

असे निकाल सलग वाचत गेल्यावर माझ्या जुन्या मताचा एकेक आधार सुटत गेला.

साक्षीदार पाहिलेल्या न्यायाधीशाचा मान ठेवायचा, हा अपिलातला जुना आणि योग्य नियम आहे. अपघात कसा झाला हे सांगणारा प्रत्यक्षदर्शी खरे बोलतो की नाही, ते त्याच्याकडे पाहून कळते, कागदावरून पुरते कळत नाही. पण हाडांच्या डॉक्टरबद्दल तसे फारसे काही नसते. तो खोटे बोलतो असे कोणी म्हणतच नसते. एक्स-रेची फिल्म, सांध्याच्या हालचालीचे अंश, स्नायूंची ताकद, कमी झालेली लांबी, हे सारे रेकॉर्डवर असते आणि उच्च न्यायालय ते न्यायाधिकरणाइतकेच चांगले वाचू शकते. चूक घडते ती डॉक्टरच्या शब्दांपासून रुपयांच्या आकड्यापर्यंतच्या तर्कात. तिथे खालच्या कोर्टाला असा कोणताच फायदा नसतो, जो वरच्याला नाही. ज्या नियमाच्या आधाराने मी इतकी वर्षे अपील नको म्हणत होतो, तो नियम या पुराव्याला फार थोडा लागू पडतो.

आणि टक्के हा अंदाजच, तर त्यासाठी भांडावे कशाला? हे माझे तिसरे कारण पैशांचा हिशेब मांडला की उभेच राहत नाही. समजा बाजार समितीतला एक हमाल आहे, वय 38, महिन्याची कमाई 12,000 रुपये. प्रणय सेठी प्रकरणातल्या 2017 च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमावणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 16,800. सरला वर्मा प्रकरणातल्या 2009 च्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, 15. जखमी माणूस जिवंत आहे, म्हणून मृत्यूच्या दाव्यात वजा करतात तसा स्वतःवरचा खर्च इथे वजा करायचा नाही. पूर्ण कमाई गेली असे धरले तर रक्कम होते 30,24,000 रुपये. आता पंधरा टक्के लावा: 4,53,600. नव्वद लावा: 27,21,600. पोती वाहणाऱ्या माणसाला खुर्चीत बसता येते, या एका वाक्याची किंमत साडेबावीस लाखांहून अधिक आहे. त्यावर अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

वरच्या न्यायालयाने असे टक्के कसे तपासले, याची उदाहरणे माझ्यासमोर आधीही होती. 2012 च्या एका प्रकरणात हातगाडी ओढणाऱ्या पन्नाशी उलटलेल्या माणसाचा डावा पाय कापावा लागला होता. डॉक्टरने 60 टक्के सांगितले, खाली 50 धरले गेले, कारण तो बसून काही करू शकेल असे मानले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कमाईतली घट 90 टक्के धरली. या वयाचा आणि आयुष्यभर अंगमेहनत केलेला माणूस बसून नेमके काय करणार, हा विचार खाली झालाच नव्हता. 2020 मध्ये एका विशीतल्या डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या प्रकरणात उजवा हात गेला होता, दाखला 89 टक्क्यांचा होता, आणि खाली तो निम्म्यावर, 45 वर आणला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने 65 टक्के केले. दाखला जसाच्या तसा घेतला नाही आणि ठोकळेबाज निम्मेही ठेवले नाही. मला हे दुसरे प्रकरण अधिक महत्त्वाचे वाटते. कोर्टाने टक्के बदलू नयेत, अशी मागणी कोणी करू नये. बदलताना त्या माणसाच्या कामाकडे पाहावे, एवढेच मागणे आहे.

काम म्हणजे काय, हे आपल्याकडच्या फायलींत फार तोकडे लिहिलेले असते. अर्जात लिहिले जाते, ‘शेतमजूर’. बीड किंवा जतकडच्या ऊसतोड मजुराचा दावा घ्या. मुकादम उचल देतो ती एका माणसाला देत नाही, कोयत्याला देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडणार, एक मोळी बांधणार, दोघे मिळून गाडी भरणार. नवऱ्याचे मनगट आखडले तर कोयता मोडतो. बायकोचे हात धडधाकट असूनही तिची त्या हंगामाची कमाई जाते, आणि घेतलेली उचल अंगावर राहते ती वेगळीच. दाखल्यावर हे सारे ‘उजव्या मनगटाचे वीस टक्के’ म्हणून येते. डॉक्टरला यातले ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याला विचारता येते की या मनगटाने कोयता चालवता येईल का, दिवसभर येईल का, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येईल का. जखमीचे वकील हे विचारत नाहीत. मी कंपनीच्या बाजूने होतो तेव्हा ते विचारणे माझे काम नव्हते. आता मी खालच्या कोर्टात काम करणाऱ्या तरुण वकिलांना सांगतो की डॉक्टरला टक्क्यांच्या आधी हालचाली विचारा आणि मुकादमालाही साक्षीला बोलवा. अपिलात जे वाचायचे आहे ते आधी कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

सगळ्यांत अवघड प्रश्न डॉक्टरच न येण्याचा. दाखला नुसता हजर केला म्हणजे त्यातले टक्के सिद्ध होत नाहीत, उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरला उलटतपासासाठी उभे करावे लागते, हे राजकुमार प्रकरणातच सांगितलेले आहे आणि ते मला आजही पटते. पण डॉक्टर आला नाही तर मी पूर्वी सरळ म्हणत असे, पुरावा नाही, शून्य टक्के. आता मी विचारतो, त्याला आणण्याची ताकद कोणाकडे होती? काठी टेकत आलेल्या माणसाकडे नक्कीच नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 169 खाली न्यायाधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. राजकुमार निकालातच पुढे सांगितले आहे की डॉक्टरची वेळ आधी ठरवून घ्यावी, त्याला ताटकळत ठेवू नये, येणे शक्य नसेल तर कमिशनमार्फत साक्ष नोंदवावी, आणि पुरावा समाधानकारक नसेल तर न्यायाधिकरणाने स्वतः मेडिकल बोर्डाकडे पाठवावे. न्यायाधिकरणाने मुका प्रेक्षक होऊन बसायचे नाही, असे तिथे बजावले आहे. बनावट दाखल्यांची भीती आहे ना? मग बोर्डाकडे पाठवणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. दाखल्यावर संशय घ्यायचा आणि फेरतपासणीही करायची नाही, हे दोन्ही एकदम चालू शकत नाही. हे जिथे घडले आहे, तिथे अपिलाचा मुद्दा पक्का आहे असे मी आता मानतो.

डोक्याच्या दुखापतीत हे अधिक जाचते. हाड मोडलेले एक्स-रेत दिसते. माणूस चिडका झाला, दोन हिशेब एका वेळी डोक्यात धरू शकत नाही, गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच थांबतो, हे स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. ‘सीटी स्कॅन नॉर्मल’ या शब्दांवर असे दावे कमी होताना मी पाहिले आहेत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात मेंदूला इतकी इजा झाली होती की डॉक्टरांनी तिचे सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाएवढे सांगितले. न्यायाधिकरणाने सुमारे 11 लाख दिले होते, उच्च न्यायालयाने ते 25 लाखांवर नेले, सर्वोच्च न्यायालयाने 62,27,000 केले. त्यातले 21,60,000 रुपये आयुष्यभर लागणाऱ्या दोन सोबतिणींच्या पगाराचे होते, आणि त्यालाही गुणकच लावला होता. डॉक्टरची साक्ष तिन्ही कोर्टांपुढे एकच होती. तिच्या वडिलांना कोणी माझा जुना सल्ला दिला असता तर त्या मुलीचे पालनपोषण 11 लाखांवर झाले असते. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

पुढच्या उपचारांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केले आहे की अंतिम निवाडा झाल्यावर या कायद्यात पुन्हा भरपाई मागण्याची सोय नाही. म्हणजे आत बसवलेली पट्टी काढण्याचा, पुढे झिजलेला गुडघा बदलण्याचा खर्च त्याच निवाड्यात धरावा लागतो. डॉक्टरने साक्षीत ऑपरेशन लागेल म्हटले असूनही, अंदाजपत्रक हजर नाही म्हणून काहीच न देणे, ही पुराव्याची हाताळणी चुकल्याचीच तऱ्हा आहे.

प्रत्येकाने अपील करावे असे मी म्हणत नाही. दाखल्याचा डॉक्टर उलटतपासात खरोखर कोसळला असेल, नोकरी आणि पगार पूर्वीसारखाच चालू असेल, किंवा न्यायाधीशांनी कारणे देऊन टक्के ठरवले असतील आणि ते केवळ आपल्याला आवडले नसतील, तर मी आजही नको म्हणतो. ज्यांना हो म्हणतो त्यांना सांगतो की कलम 173 खाली 90 दिवसांची मुदत आहे, ती दुखण्यात आणि धावपळीत निघून जाते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. अपिलापूर्वी रक्कम भरण्याची अट पैसे देणाऱ्याला आहे, जखमीला नाही. वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपीलच होत नाही. आणि ‘भरपाई अपुरी आहे’ एवढेच अपिलाच्या कारणांत लिहून उपयोग नाही. डॉक्टरने कोणत्या परिच्छेदात काय सांगितले, उलटतपासात त्यातले काय टिकले, आणि निकालपत्राने त्यातले काय वाचलेच नाही, हे निशाणी क्रमांकासह लिहावे लागते. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला वकिलाला भेटण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कुबड्या घेऊन प्रवास करणाऱ्याला हा फरक कळतो.

वेळेची जुनी अडचण मात्र खरीच आहे, आणि एका ठिकाणी ती आपणच वाढवतो. वैद्यकीय पुरावा नीट हाताळला गेला नाही हे उच्च न्यायालयाला पटले की पुष्कळदा प्रकरण फेरसुनावणीसाठी खाली पाठवावे, असे दोन्ही बाजूंचे वकील स्वतःच सुचवतात. खाली पुन्हा नोटिसा, पुन्हा तारखा, तोवर पहिला डॉक्टर गाव सोडून गेलेला. मी आता त्याला संमती देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 मध्ये वेगळी वाट आहे: नियम 27 खाली जादा पुरावा घेता येतो, आणि नियम 28 खाली उच्च न्यायालय तो स्वतः नोंदवू शकते किंवा खालच्या कोर्टाला तेवढीच साक्ष नोंदवून पाठवायला सांगू शकते. अपील वरच राहते. मी अर्ज करतो की अर्जदाराला जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयाच्या बोर्डासमोर ठरल्या तारखेला तपासावे, अहवाल सीलबंद यावा, कंपनीला हवा असेल तर बोर्डाच्या डॉक्टरचा उलटतपास कमिशनमार्फत एकाच दिवशी व्हावा, आणि निर्णय इथेच व्हावा. काही वेळा हे मान्य होते, काही वेळा होत नाही. कंपनीच्या बाजूने उभ्या असलेल्या तरुण वकिलांशी यावर माझे वाद होतात. त्यांचे म्हणणे असते की इतक्या वर्षांनंतरची तपासणी अपघाताच्या वेळची स्थिती सांगू शकत नाही. माझे उत्तर असे की मधल्या वर्षांत तो माणूस कामावर परतला की नाही, हे आता अंदाजाने ठरवावे लागत नाही. ते घडून गेले आहे, त्याचा पुरावा घ्या.